कंट्रोलच्या पेशी

पूरक अनुदान मंजूर झाल्याचं कळलं तेव्हा प्रयोगशाळेतले सगळे खूश झाले. पेशी वाढवण्याचं काम बघणारा समाधान इंगोले तेवढा खूश दिसला नाही.

प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. अक्षता गजभिये यांनी दिल्लीहून आलेली ईमेल उभ्याउभ्या मोठ्याने वाचली. पीएचडी करणाऱ्या भाग्यश्रीने खाली जाऊन सगळ्यांसाठी कोल्ड कॉफी आणली. समाधानने आपला ग्लास घेतला, पण तो तसाच हातात धरून खिडकीशी उभा राहिला. सगळे पांगल्यावर तो अक्षताच्या केबिनमध्ये आला.

"मॅडम, हे अनुदान घ्यायलाच हवं का?"

अक्षताला आधी वाटलं, चेष्टा करतोय. "म्हणजे? दीड वर्ष आपण यासाठी नाक घासतोय."

"काम आहे तेवढंच आवरत नाही. माणसं कमी आहेत. पुढच्या वर्षी परत अर्ज करता येईल."

"समाधान, मिळालेले पैसे परत करणारी पुण्यातली पहिली लॅब व्हायचंय का आपल्याला?"

तो हसला, पण ते हसू ओठांपर्यंतच राहिलं.

सूस रस्त्यावरच्या मज्जा संशोधन केंद्रातली ही प्रयोगशाळा आनुवंशिक अटॅक्सियावर काम करत होती. हा आजार झालेल्या माणसाचा पस्तिशी-चाळिशीत तोल जायला लागतो. मग हात नेम धरत नाहीत, जीभ जड होते. मेंदूच्या मागच्या भागातल्या पेशी मरत जातात आणि ते थांबवायचं औषध अजून कुणाकडे नाही. आई-वडिलांपैकी एकाला हा आजार असला, की प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. जिवंत माणसाच्या मेंदूतली पेशी काढून बघता येत नाही. म्हणून रुग्णाचं थोडं रक्त घ्यायचं, त्यातल्या पेशींना मागे नेऊन मूळपेशी बनवायच्या आणि त्या मूळपेशींपासून ताटलीत, मीडिया म्हणतात त्या पोषक द्रवात, मेंदूच्या पेशी वाढवायच्या. शेजारच्या ताटलीत निरोगी माणसाच्या पेशी तशाच वाढवायच्या आणि दोन्हींत फरक काय ते शोधायचं. निरोगी माणसाच्या पेशींना सगळे 'कंट्रोल' म्हणत. इथल्या मुख्य कंट्रोलचं नाव होतं सी-वन. त्या कुणाच्या, हे अक्षतालाही माहीत नव्हतं. रक्त देणाऱ्याचं नाव केंद्राच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांकडे बंद असे, प्रयोगशाळेत फक्त नंबर येई.

मूळ अनुदानात पेशी थोडेच आठवडे वाढवता आल्या होत्या. त्या तरुण पेशींमध्ये आजारी आणि निरोगी असा फरक फारसा दिसत नव्हता. पूरक अनुदान होतं ते पेशींना कित्येक महिने जगवण्यासाठी, त्यांना म्हातारं होऊ देण्यासाठी. अट एकच होती. प्रयोगशाळेतल्या प्रत्येक पेशीसमूहाची जनुकीय तपासणी बाहेरून करून घ्यायची. अक्षताला त्या अटीत काही वावगं वाटलं नव्हतं. समाधानने मात्र ती ओळ दोनदा वाचायला मागितली होती.

आठवड्याभराने भाग्यश्री दार लोटून आत आली. कोथरूडची मुलगी, एरवी तोंडाला कुलूप नसलेली. त्या दिवशी ती खुर्चीच्या कडेवर बसली.

"मॅम, आय थिंक माझंच काहीतरी चुकतंय. लाँग टर्मची ट्रायल लावली होती ना, त्यात सी-वन मरतंय."

"मरतंय म्हणजे?"

"म्हणजे पेशंटच्या पेशींसारखंच. फांद्या तुटतायत, आत गुठळ्या दिसतायत. मीडिया बदलला, इनक्युबेटर बदलला. दुसरं कंट्रोल मस्त आहे. फक्त सी-वन."

"समाधानला दाखवलंस?"

भाग्यश्रीने बोटातली अंगठी फिरवली. "दाखवलं. ते म्हणाले, फेकून दे, मॅडमना त्रास देऊ नकोस. आणि मॅम, नवीन व्हायल काढायला गेले तर नायट्रोजनच्या टाकीत सी-वनचा अर्धा रॅक रिकामा आहे. मी विचारलं तर म्हणाले, जुन्या होत्या, काढल्या."

अक्षताने तिला पाठवून दिलं आणि स्वतः टाकीपाशी गेली. झाकण उघडल्यावर थंड वाफ मनगटांवरून वाहिली. रॅक वर ओढला. भाग्यश्रीने सांगितलं तसंच होतं. त्या टाकीतून व्हायल, म्हणजे गोठवलेल्या पेशींची कुपी, काढायचा अधिकार दोघांनाच होता, तिला आणि समाधानला.

तिने त्याला लगेच विचारलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं. पण त्याच दुपारी संचालक डॉ. अनिरुद्ध परचुरे यांनी तिला बोलावलं. परचुरे कधी आवाज चढवत नसत, त्यांना तशी गरजही पडत नसे.

"या. वाघोलीला एक क्लिनिक निघालंय, ऐकलंत? मेंदूच्या कुठल्याही आजारावर स्टेम सेलचं इंजेक्शन. आपल्या ओपीडीतला एक गृहस्थ तिथे जाऊन आला. त्याला सांगितलं, पेशी पुण्यातल्या नामवंत संशोधन केंद्रातून येतात."

"खोटं बोलत असतील."

"असतील ना. पण पुण्यात या पेशी वाढवणारे आपण कितीजण आहोत? नारायण पेठेत तर कुणी गच्चीत वाढवत नाही." त्यांनी चष्मा पुसला. "आपल्या टाकीला कुलूप आहे ना, मॅडम? का तेही पूरक अनुदानातून घ्यायचंय?"

समाधान वाघोलीत राहत होता.

अक्षता घरी जाताना गाडी चालवत होती आणि डोकं वेगळंच काही चालवत होतं. अनुदान नको म्हणणारा समाधान. तपासणीची ओळ परत वाचणारा समाधान. रिकामा रॅक. गेल्या काही महिन्यांत तो शनिवारी लवकर निघायचा, फोन आला की बाहेर जाऊन बोलायचा, त्याने चहासुद्धा एकट्याने प्यायला सुरुवात केली होती. एकेक गोष्ट सुटी असताना काहीच नव्हती. आता त्या सगळ्या एका दोऱ्यात बसत होत्या.

स्वतःवर घेतला जाणारा संशय तिला नवा नव्हता. भंडाऱ्याहून आलेल्या, आंबेडकर जयंतीला विश्रांतवाडीच्या विहारात पांढरी साडी नेसून बसणाऱ्या घरातली ती मुलगी. पीएचडीला असताना तिचा पहिला चांगला निकाल आला तेव्हा मार्गदर्शकाने तो तिला न सांगता दुसऱ्या विद्यार्थ्याकडून पुन्हा करून घेतला होता. निकाल तोच आला. मार्गदर्शक म्हणाले होते, "खातरजमा केलेली बरी." तेव्हापासून ती स्वतःचा प्रत्येक प्रयोग जास्तीचा एकदा करायची. दुसऱ्यावर असं करायचं नाही, हेही तिने तेव्हाच ठरवलं होतं.

शनिवारी ती वाघोलीला गेली. आपण फक्त क्लिनिक बघायला चाललोय, असं तिने स्वतःला सांगितलं. नगर रस्त्यावरची गर्दी पार करून, अर्धवट उभ्या इमारतींच्या मधून ती त्या गल्लीत पोचली. क्लिनिक एका मोबाइलच्या दुकानाच्या वर होतं. पाटीवर निळा मेंदू आणि त्यातून फुटलेली हिरवी पालवी काढली होती. समोरच्या रसवंतीत ती बसली. रसाचा ग्लास समोर आला, त्यात बर्फ विरघळत राहिला.

थोड्या वेळाने जिन्यावरून समाधान खाली आला. त्याच्या मागे एक माणूस होता, पंचेचाळिशीचा असावा. पाय फाकवून, एक हात भिंतीला लावत, प्रत्येक पायरी तपासत तो उतरत होता. शेवटच्या पायरीवर तो डोलला आणि समाधानने त्याला काखेत धरलं. मागून एक म्हातारी पिशवी सांभाळत आली. समाधान त्या माणसाशी दबक्या आवाजात, पण चिडून बोलत होता. मग त्याने दोघांना रिक्षात बसवलं, स्वतः पुढे बसला आणि रिक्षा गेली.

ती चाल अक्षताने वीस पावलांवरूनही ओळखली असती. तो अटॅक्सियाचा रुग्ण होता. तिच्या मनात पहिला विचार आला तो हाच: आपल्या ओपीडीतले रुग्ण हा इथे आणून सोडतो. पेशीही देतो आणि गिऱ्हाइकंही.

म्हातारीच्या चेहऱ्याकडे तिने नीट बघितलंच नव्हतं.

रविवारी केंद्रात कुणी नव्हतं. अक्षताने टाकीतली सी-वनची एक व्हायल काढली आणि जनुक तपासायला घेतलं. हे काम तिने बऱ्याच वर्षांत स्वतःच्या हाताने केलं नव्हतं. पिपेट धरताना जरा अवघडल्यासारखं झालं, मग बोटांना आठवलं. या आजारात जनुकाचा एक तुकडा नको इतका लांबतो. जेलमध्ये निरोगी जनुकाचा पट्टा खाली सरकतो, आजारी जनुकाचा वरच अडकतो. तिने एका बाजूला रुग्णाचा नमुना लावला, दुसऱ्या बाजूला दुसऱ्या कंट्रोलचा, आणि मध्ये सी-वन.

जेल दिव्यावर ठेवलं. दुसऱ्या कंट्रोलला खाली एकच जाड पट्टा होता. रुग्णाला दोन, एक खाली आणि एक वर. सी-वनलाही दोन.

तिने जेल पुन्हा केलं. तेच आलं.

म्हणजे ज्या पेशींना सगळी प्रयोगशाळा इतकी वर्षं निरोगी मानत होती, त्या रुग्णाच्या होत्या. एकतर कुणीतरी अदलाबदल केली होती, नाहीतर पहिल्यापासूनच फसवणूक होती. सी-वन बनवली होती समाधानने. तिच्या नावावर छापून आलेला लेख त्याच पेशींवर उभा होता. अक्षताने जेलचा फोटो छापून घेतला आणि पर्समध्ये घडी न करता ठेवला.

सोमवारी सकाळी तिने समाधानला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं.

"बसा."

त्याने तिच्याकडे पाहिलं. सहा-सात वर्षं ती त्याला 'तू' म्हणत आली होती.

"सी-वनच्या व्हायल कुठे गेल्या?"

"मी काढल्या. ऑटोक्लेव्ह करून टाकून दिल्या."

"कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही." तो बसला. "नवीन कंट्रोल बनवतोय, मॅडम. जवळजवळ तयार आहे. झालं की सांगणार होतो."

"आणि वाघोलीच्या क्लिनिकमध्ये काय बनवता?"

त्याने झटकन मान वर केली. "तुम्ही माझ्या मागे आला होतात?"

"परवा एका पेशंटला तिथून घेऊन उतरलात. तो पेशंट आपल्या ओपीडीतला आहे का? त्याला दिलेल्या पेशी कुठून आल्या?"

"मॅडम, तुम्हाला वाटतंय तसं नाहीये ते."

"मग हे काय आहे?" तिने फोटो काढून टेबलावर त्याच्या पुढे सरकवला. "मधली सी-वन. तुम्ही बनवलेली. निरोगी म्हणून आम्हाला दिलेली."

समाधानने फोटो हातात घेतला नाही. तो नुसता वाकून पाहत राहिला. त्याची नजर डावीकडून सुरू झाली, मधल्या पट्ट्यांवर आली, उजवीकडे गेली आणि परत मध्ये आली. मग त्याने एक बोट वरच्या पट्ट्याजवळ नेलं, पण कागदाला लावलं नाही.

"दोनदा केलंत?"

"दोनदा."

"बरं."

बाहेर कुणीतरी सेंट्रिफ्यूज सुरू केलं, त्याची घरघर भिंतीतून येत होती.

"सी-वन मी आहे, मॅडम," तो म्हणाला.

अक्षताला आधी अर्थच लागला नाही.

"लॅब नवी होती. निरोगी माणूस रक्त द्यायला तयार होत नव्हता, तुम्हाला आठवत असेल. रुग्णालयातल्या डॉक्टरांना म्हटलं, माझं घ्या. घरात कुणाला काही नव्हतं तेव्हा. निदान आम्हाला तसं वाटत होतं. परवा जो माणूस बघितलात तो माझा मोठा भाऊ, सुखदेव. ती माझी आई. दीड वर्षापूर्वी गावी गेलो तर दादा अंगणातून येताना असा चालत आला आणि मला कळलं. माझ्याइतकं पटकन कुणाला कळणार होतं?" त्याने तळहात मांडीला पुसले. "त्या क्लिनिकवाल्यांनी त्याला एक इंजेक्शन देऊन झालं होतं. मला न सांगता गेला. दुसरं घेऊ नको म्हणून मी त्याला ओढून खाली आणत होतो."

"आणि तू स्वतः तपासून…"

"नाही. नव्हतं तपासायचं मला." हे बोलताना पहिल्यांदाच त्याचा आवाज हलला. "अर्धी शक्यता होती. अर्धीत माणूस जगू शकतो. लग्नाचं बघतायत घरी, ते पुढे ढकलत होतो, बाकी चाललं होतं. फक्त सी-वन काढून टाकायची होती, कुणी तिला तपासायच्या आत. भाग्यश्रीची ट्रायल बघितली तेव्हा अंदाज आला होता, पण अंदाज म्हणजे निकाल नव्हे. कदाचित मीडिया खराब असेल, असं रोज स्वतःला सांगत होतो."

त्याने फोटो उचलला आणि उलटा करून ठेवला.

"आता झालं."

अक्षता उठून त्याच्या बाजूला आली, पण खांद्यावर हात ठेवायचा तिला धीर झाला नाही. कुणाला असा निकाल द्यायचा तर आधी समुपदेशक, मग मज्जातज्ज्ञ, मग त्या माणसाची तयारी, असा नियम तिनेच केंद्रात बसवला होता. आणि तिने तो निकाल त्याच्या पुढे आरोपासारखा सरकवला होता.

"समाधान, मला माफ कर. मला वाटलं…"

"काय वाटलं ते कळलं." तो उठला. "चूक माझीपण आहे. दादाचं कळलं त्याच दिवशी सांगायला हवं होतं. कंट्रोल आजारी आहे हे माहीत असताना मी तुम्हाला त्यावर काम करू दिलं. हे वाईटच आहे, मॅडम. पण पेशी विकतो असं वाटलं तुम्हाला?"

त्याने उत्तराची वाट पाहिली नाही.

तो सुटीवर गेला. अक्षताने परचुरेंना सांगितलं ते इतकंच, की सी-वन कंट्रोल म्हणून वापरता येणार नाही, पेशी देणाऱ्याबद्दल नंतर कळलेली माहिती आहे आणि ती खाजगी आहे. टाकीतून बाहेर काही गेलेलं नाही, आणि वाघोलीच्या क्लिनिकची तक्रार ती स्वतः करणार आहे. परचुरेंनी तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"खाजगी," ते म्हणाले. "बरं. छापलेल्या लेखाचं काय?"

"दुरुस्ती पाठवते. त्यातले तरुण पेशींचे निष्कर्ष दुसऱ्या कंट्रोलवरही टिकतात, मी तपासले. पण सांगायला हवं."

"आणि दिल्लीवाल्यांना?"

"तेच. अनुदान गेलं तर गेलं."

अनुदान गेलं नाही, लांबलं. दिल्लीहून आधी बरेच प्रश्न आले, मग एक समिती आली. समितीतल्या बाई प्रत्येक उत्तरानंतर "नक्की?" असं विचारत आणि अक्षता प्रत्येक वेळी कागद पुढे करे. नवीन कंट्रोलची तपासणी होऊन निकाल हातात येईपर्यंत एक पैसाही सुटला नाही. भाग्यश्रीला खरं कारण कळलं नाही. तिचे तिचे तर्क होते आणि जेवणाच्या वेळी अक्षता आली की टेबलावरचं बोलणं थांबायचं.

मधल्या काळात अक्षता वाघोलीला समाधानच्या घरी गेली. दार त्याच्या आईने उघडलं. वेणूबाई वाशिमकडच्या. सुखदेवच्या तपासण्यांसाठी त्या पुण्यात राहिल्या होत्या. समाधान त्याला घेऊन रुग्णालयात गेला होता, यायला वेळ होता. वेणूबाईंनी पाणी दिलं आणि समोर जमिनीवर बसल्या. अक्षताही खुर्चीवरून उतरून खाली बसली.

"तुमी त्याच्या मोठ्या मॅडम का?"

"हो. मी भंडाऱ्याची आहे, मावशी."

"असं का." थोडं मोकळं वाटल्यासारखं त्यांनी पदर सारखा केला. "बाई, तुमी शिकल्यासवरल्या. मले एक सांगा. समाधान म्हणते, ह्या पोराईच्या बापालेबी हेच होतं. खरं हाय का ते?"

"ते कसे चालायचे?"

"लटपटत. बोलनंबी जड जड. सारं गाव म्हने, इंगोल्या पेऊन आला. मले वाटे लपून पेते." त्या भिंतीकडे पाहत बोलत होत्या. "रोज संध्याकाळी मी त्याचं तोंड हुंगो. वास नाही आला तं मले आखीन राग ये. म्हनो, कुठची पेते हा, जिचा वासबी येत नाही. सारं घर उपसो बाटलीसाठी. ढोराईच्या कुटारात हात घालून पाहो. तो म्हने, वेणू, आईच्यान घेतली नाही. मी एक दिवस बी खरं मानलं नाही. मंग एक दिवस कॅनॉलच्या काठावरून गेला पाण्यात. लोक म्हने, पेऊन पडला. मीबी तेच म्हनलं."

अक्षताला उत्तर देणं भाग होतं. "बघितल्याशिवाय नक्की सांगता येत नाही, मावशी. पण दोन्ही मुलांमध्ये आलंय म्हणजे त्यांना असणारच. त्यांनी दारू घेतली नसावी."

"दोन्ही पोराईमंधी?" वेणूबाई म्हणाल्या.

अक्षताच्या उशिरा लक्षात आलं. समाधानने आईला स्वतःबद्दल सांगितलेलं नव्हतं.

वेणूबाईंनी तिच्याकडे एकटक पाहिलं. मग त्या उठल्या आणि आत गेल्या. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला. समाधान येईपर्यंत त्या बाहेर आल्या नाहीत.

त्या संध्याकाळी जिन्यात उभं राहून अक्षताने समाधानला घडलेलं सांगितलं. यावेळी तिने काही लपवलं नाही. तो चिडला नाही. रेलिंगला टेकून तो खालच्या पार्किंगकडे पाहत राहिला.

"मी सांगणारच होतो. शब्द सापडत नव्हते."

"मी फार घाई करते, समाधान. दोन्ही वेळा केली."

"हं." मग तो म्हणाला, "तुम्ही आज कशासाठी आलात, मॅडम?"

"तुला भेटायला."

"सी-वनसाठी नाही ना?"

उरलेला अर्धा रॅक टाकीत होता. अजून एकही लक्षण नसलेल्या माणसाच्या पेशी, त्याच्या आजारी भावाच्या पेशी शेजारी ठेवून वर्षभर वाढवता आल्या, तर आजार नेमका कुठून सुरू होतो ते दिसण्याची शक्यता होती. हे तिच्या मनात पहिल्या आठवड्यातच आलं होतं आणि तिला स्वतःची शिसारी आली होती.

"आज त्यासाठी आले नाही," ती म्हणाली. "पण हवी आहे का विचारशील तर हो, हवी आहे. तू नको म्हणालास तर उद्या मी स्वतः नष्ट करेन, तुझ्या समोर."

"खरं बोललात ते बरं केलं. गोड बोलला असतात तर नाहीच म्हणालो असतो."

त्याने तिथे होकार दिला नाही. पावसाळा जवळजवळ सरला तेव्हा तो कामावर परत आला. आधी रुग्णालयात जाऊन त्याने नव्या संमतीपत्रावर सही केली, यावेळी रुग्ण म्हणून. सुखदेवचंही रक्त घेतलं. क्लिनिकवर कारवाई झाली असं कानावर आलं, पण पुढच्याच चौकात दुसऱ्या नावाची पाटी लागल्याचंही आलं. वेणूबाई गावी गेल्या. जाण्याआधी त्यांनी पोरांच्या बापाचा एक जुना फोटो मोठा करून घेतला, असं समाधानने सांगितलं.

पूरक अनुदानाचं काम सुरू झालं. सी-वन रुग्णांच्या रॅकमध्ये गेली, नवा नंबर घेऊन. त्या पेशी आपणच वाढवणार, एवढी एकच अट समाधानने घातली होती. तो रोज हूडपाशी, पेशी हाताळायच्या निर्जंतुक काचेच्या कपाटापाशी बसे, हात आत घालून, काचेतून बघत. अक्षता मागून जाताना हळू होई. पिपेटचं टोक ताटलीच्या कडेला लागतं का, हे ती बघायची नाही असं ठरवायची, आणि बघायची.

एकदा त्याच्या हातून बाटलीचं टोपण निसटलं. ते गडगडत जाळीपाशी जाऊन थांबलं. समाधानचा हात हवेत तसाच राहिला. काचेत त्याला अक्षता दिसत होती आणि तिला तो.

"ग्लव्हज ओले झाले होते," तो म्हणाला.

"हो," अक्षता म्हणाली. "होतं असं."

त्याने टोपण उचलून कचऱ्यात टाकलं, ग्लव्हज बदलले आणि नवी बाटली उघडली.